अर्जेंटिनाच्या रॉक गाण्यांतलं जगणं-मरणं : एका श्रवणसत्राच्या कामाच्या नोंदी

४ जून

काम असं आहे : आमच्या श्रवणमंडळासाठी अर्जेंटिनाच्या रॉक गाण्यांचं दोन-अडीच तासांचं सत्र बसवायचं. तिकडे या संगीताला 'रोक नासिओनाल' म्हणतात. गाणी निवडायची ती जगण्या-मरण्याची. आपण आहोत ते कशाला, इथून सुटका कुठे, मरण दारात आलं तर त्याच्याशी काय बोलायचं, या जातीची. मंडळात स्पॅनिश कुणालाच येत नाही. मला वाचण्यापुरती येते, ऐकताना निम्मी निसटते. म्हणून प्रत्येक गाण्याला मराठीत एक पान लिहायचं आणि गाणं लावण्याआधी ते वाचून दाखवायचं. ओळीला ओळ भाषांतर छापायचं नाही. एक तर शब्दांवर हक्क असतात आणि दुसरं म्हणजे हातात कागद आला की लोक ऐकायचं सोडून वाचत बसतात.

कच्ची यादी चार खणांत विभागली : मृत्यू, एकटेपणा, स्वातंत्र्य, निरर्थकता. आता पानं लिहायला घ्यायची.

९ जून

चार खण मोडीत काढले. पहिलंच गाणं 'ला बाल्सा' चारही खणांत बसलं, आणि असं बसलं की त्यावर बोलण्यासारखं काही उरेना. 'या गाण्यात एकटेपणा आहे' हे वाक्य जगातल्या कुठल्याही गाण्याला चिकटवता येतं. लिहिलेलं सगळं बाद.

मग गाणी सालवार लावली आणि यादी बोलायला लागली. जून १९६६ मध्ये जनरल ओंगानियाने सत्ता घेतली, ती लष्करी राजवट १९७३ पर्यंत चालली. मधे माजी अध्यक्ष पेरॉन परदेशातून परतले, पुन्हा अध्यक्ष झाले, जुलै १९७४ मध्ये वारले, पत्नी इसाबेल यांच्याकडे अध्यक्षपद आलं. मार्च १९७६ मध्ये पुन्हा लष्कर, थेट डिसेंबर १९८३ पर्यंत. माझ्या यादीतली बहुतेक गाणी या सतरा वर्षांतली निघाली. म्हणजे 'जगण्यात अर्थ नाही' असं कुणी गातो तेव्हा ते जगणं नेमकं कुठल्या साली, कुणाच्या अमलाखाली, हे विचारल्याशिवाय पान लिहिता येणार नाही.

आता प्रत्येक पानाला पाच रकाने : साल, सत्तेवर कोण, गाण्यात बोलतो कोण, कुणाशी बोलतो, शेवटी काय होतं. असं काम दुसऱ्या कुठल्या देशाच्या गाण्यांवर करणार असाल तर विषयवार विभागणीपासून सुरुवात करू नका, एवढंच आत्ता सांगते.

११ जून

सुरुवात टँगोने करावी का? एन्रिके सांतोस दिसेपोलोचं 'यिरा, यिरा' १९३० चं. त्याच वर्षी सप्टेंबरात देशात लष्करी उठाव झाला. जग कुणाचं नाही, गरज पडेल तेव्हा कुणी हात देणार नाही, हे त्यात इतकं रोखठोक आहे की पुढची रॉकवाली पोरं त्यापुढे कोवळी वाटतात. पण या पोरांच्या लेखी टँगो म्हणजे आईबापांचं संगीत होतं. दिसेपोलोने दार उघडलं की सत्र टँगोकडे जाईल आणि परत येणार नाही. वगळलं.

१३ जून

'ला बाल्सा', म्हणजे तराफा. लोस गातोस या गटाची ध्वनिमुद्रिका, जुलै १९६७. रचना लितो नेबिया आणि तांगितो यांची.

आदल्या वर्षी २९ जुलैला पोलिसांनी बुएनोस आयरेस विद्यापीठात घुसून प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना झोडपलं. 'लांब दंडुक्यांची रात्र' या नावाने ती ओळखली जाते. केस वाढवलेला पोरगा रस्त्यात दिसला तर पोलीस उचलून नेत. गाणी करणारी ही मंडळी 'ला कुएवा' नावाच्या क्लबात गात, तिथून निघाली की ओन्से भागातल्या 'ला पेर्ला' कॅफेत उजाडेपर्यंत बसत. गाण्याचा पहिला तुकडा तांगितोने ला पेर्लाच्या बाथरूममध्ये गिटारवर बांधला, नेबियाने तो पुरा केला, ही कथा तिकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते.

गाण्यात बोलणारा म्हणतो की या टाकून दिलेल्या जगात मी एकटा आहे, पण मला एक युक्ती सुचली आहे. लाकूड लागेल, भरपूर लागेल, मिळेल तिथून आणीन. तराफा बांधीन आणि बुडायला जाईन. घोडं अडतं ते इथे. तराफा बांधणारा माणूस किनाऱ्याला लागायला निघतो, अशी आपली समजूत. याला किनारा नकोच आहे. रात्र जागून शहरभर भटकणं, कुठेही न पोचणं, यालाच ती मंडळी आपसात 'बुडणं' म्हणायची. तेव्हा हे आत्महत्येचं गाणं नाही आणि आशेचंही नाही. घरी परत न जाण्याचं आहे. चाल हलकी, जवळजवळ नाचरी. अडीच लाखांच्या घरात खप झाला.

तांगितो मे १९७२ मध्ये मनोरुग्णालयातून पळाला आणि रेल्वेखाली सापडून गेला. वय २६. हे पानात घालायचा मोह फार होतो, कारण ऐकणारे लगेच गंभीर होतात. घातलं नाही. १९६७ मध्ये गाणाऱ्याला १९७२ ठाऊक नव्हतं. सत्रात कुणी विचारलं तर सांगेन.

जाता जाता : याच सुमारास मुंबईत आपल्याकडची पोरं सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं काढत होती. एकमेकांचा पत्ता नसताना. पानात नको, बोलण्यात येऊ दे.

१६ जून

'आयेर नोमास', म्हणजे 'अगदी कालपरवा'. हे गाणं 'ला बाल्सा'च्याच तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. शब्द पिपो लेरनुद यांचे, चाल मोरिस या गायकाची. इथे बराच वेळ खर्ची पडला, कारण संकेतस्थळावरचे शब्द आणि कानावर पडणारे शब्द जुळेनात. आधी वाटलं माझं ऐकणं कच्चं. मग दिसलं की गाण्याला दोन संहिता आहेत. लोस गातोसनी मुद्रित केलेली प्रेमगीताकडे वळवलेली आहे. मूळ संहितेत शाळेत 'हा देश थोर आहे, इथे स्वातंत्र्य आहे' असं कालपरवाच शिकलेला मुलगा आज जागा होतो आणि खोलीकडे, खाटेकडे, रिकाम्या पोटाकडे बघतो. मोरिसने आपल्या आवाजात ती गायली ती १९७० च्या 'त्रेइंता मिनुतोस दे व्हिदा' या अल्बममध्ये.

यावर उपाय केला तो असा : आता प्रत्येक पानावर गाण्याच्या नावासोबत कुठली मुद्रिका, कुणाचा आवाज, हे आधी लिहायचं. संकेतस्थळावरचे शब्द कानाने तपासल्याशिवाय एकही ओळ पक्की धरायची नाही. स्पॅनिश शिकवणाऱ्या मैत्रिणीला रविवारी बसवून सगळी यादी ऐकवली. तिने पैसे घेतले नाहीत, जेवण घातलं.

१७ जून

त्याच अल्बममधली मोरिसची आणखी दोन गाणी घेतली.

'दे नादा सिर्वे', म्हणजे 'काही उपयोग नाही'. उपयोग कशाचा नाही, तर स्वतःपासून पळण्याचा. तराफा बांधणारे आणि हा एकाच टोळक्यातले, त्याच क्लबात बसणारे. म्हणून हे गाणं 'ला बाल्सा'नंतर लगेच लावायचं, मधे काही बोलायचं नाही. एकाने लाकूड गोळा केलं, दुसरा म्हणतो तराफ्यावर तूच बसणार ना, मग काय फायदा.

'एल ओसो', अस्वल. जंगलात सुखात राहणारं अस्वल माणूस पकडतो, सर्कशीत घालतो. एका आडगावात कुणीतरी कुलूप लावायला विसरतं आणि अमावास्येच्या रात्री अस्वल चालू लागतं. अस्वल स्वतःच सांगतं हे सगळं. तिकडे लहान मुलांनाही हे शिकवतात. पान पाच ओळींत झालं. सगळी गाणी अशी असती तर!

एक खटकलं ते लिहून ठेवते. अस्वल सुटलं ते स्वतःच्या पराक्रमाने नव्हे, कुणाच्या तरी विसरभोळेपणाने. स्वातंत्र्याच्या गाण्यात ही गोष्ट मुद्दाम ठेवली आहे की यमकासाठी आली आहे, हे ठरवता येत नाही. मुद्दाम आहे असं मानायला मला आवडेल.

हा अल्बम ज्या 'मान्दियोका' कंपनीने काढला ती १९६८ मध्ये सुरू करणाऱ्यांत होर्खे आल्वारेस हे पुस्तक प्रकाशक होते. 'माफाल्दा' या व्यंगचित्रमालेचं पहिलं पुस्तक त्यांचंच. या गाण्यांना पुस्तकी वास का येतो याचं हे एक साधं कारण. पैसा लावणारा माणूसच पुस्तकवाला.

२० जून

व्होक्स देई यांचं 'प्रेसेंते', १९७०. पानाची चाचणी मंडळातल्या मावशींवर घेतली, कारण त्या स्पष्ट बोलतात.

गाणं सांगतं की सगळं शेवटी संपतं, कशालाच त्यातून सुटका नाही. दुसरी ओळ वाचेपर्यंत मावशी म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच. संसार असार. यात तुझं अर्जेंटिना कुठे आलं?"

आता मराठी ऐकणाऱ्याला हे असंच ऐकू येणार. क्षणभंगुरता म्हटलं की आपला कान थेट कीर्तनाकडे वळतो, आणि पुढचं वाक्य 'म्हणून देवाचं नाव घ्या' हे तो स्वतःच भरून टाकतो. या गाण्यात पुढचं वाक्य ते नाही. इथे एक माणूस दुसऱ्याला सोडून चालला आहे, आणि सगळंच संपतं हे तो निघतानाचं कारण म्हणून सांगतो आहे. थोडं सोयीचंच कारण आहे, असं माझं मत. वैराग्य वगैरे काही नाही.

गंमत म्हणजे याच गटाने पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, 'ला बिब्लिया' नावाने अख्ख्या बायबलवर अल्बम केला. म्हणजे धर्मग्रंथ त्यांना परका नव्हता. तरी 'प्रेसेंते'मध्ये देव नाही. पानात ठळक लिहिलं : 'हे निरोपाचं गाणं आहे.' मावशींना पटलेलं नाही.

२३ जून

सुई जेनेरिस. चार्ली गार्सिया आणि नितो मेस्त्रे यांचा गट. 'कान्सियोन पारा मी मुएर्ते', माझ्या मरणासाठी गाणं, १९७२ च्या 'व्हिदा' अल्बममधलं. अल्बमचं नाव जीवन, त्यातलं गाजलेलं गाणं मरणाचं.

चार्लीचा जन्म १९५१ चा. सक्तीच्या लष्करी सेवेत असताना त्याने हे लिहिलं. मरण इथे बाईच्या रूपात एका सकाळी खोलीत सापडतं आणि दोघांसाठी अंथरूण घालतं. भीती नाही, राग नाही. दोन आवाज, गिटार, शेकोटीभोवती म्हणावी अशी चाल, आणि तिकडची पोरं खरंच शेकोटीभोवती म्हणत आली आहेत.

रकान्यांपैकी 'कुणाशी बोलतो' हा इथे कामी आला. बोलणारा मरणाशीच बोलतो, आणि तेही जुनी ओळख असल्यासारखं. बाकी रकाने भरले पण वाचून दाखवणार नाही. विशीतल्या पोराचं हे गाणं आहे, एवढं सांगितलं की पुरे.

२८ जून

'आर्तो'. सगळ्यात अवघड पान, सगळ्यात जास्त कागद फाडले.

अल्बम १९७३ चा. मुखपृष्ठावर नाव पेस्कादो राबिओसो या गटाचं, पण गट तोवर फुटला होता. काम लुईस आल्बेर्तो स्पिनेत्ताचं. वय २३. आंतोनँ आर्तो या फ्रेंच कवी-नाटककारावरून नाव. आर्तोची कितीतरी वर्षं वेड्यांच्या इस्पितळांत गेली.

प्रथम आर्तो वाचायला घेतला. हा रस्ता कुणी धरू नये. पान भरत गेलं आणि त्यात स्पिनेत्ता कुठेच नव्हता, फक्त आर्तोचं दुखणं. शेवटी स्पिनेत्ताची भूमिका काय होती तेवढंच धरलं : आर्तो वाचून मनात जो अंधार साचतो त्यावर उतारा म्हणून हे अल्बम. म्हणजे आर्तोचा भक्त म्हणून नव्हे, त्याला उत्तर द्यायला. हे एकदा लक्षात आलं की 'कांताता दे पुएंतेस आमारियोस', पिवळ्या पुलांचं गाणं, उलगडायला लागतं. नऊ मिनिटांहून लांब. प्रतिमा एकीवर एक आदळतात, काहींचा पत्ताच लागत नाही. पण मधे एका ठिकाणी तो साध्या भाषेत बोलतो : मला कितीही भाग पाडलंत तरी गेलेला काळ बरा होता असं मी म्हणणार नाही, उद्याच बरा.

आता साल बघा. जून १९७३ मध्ये पेरॉन परतले त्या दिवशी एसेइसा विमानतळाजवळ त्यांच्याच समर्थकांच्या गटांत गोळीबार झाला, माणसं मेली. १२ ऑक्टोबरला ते अध्यक्ष झाले. त्याच ऑक्टोबरात हे अल्बम आस्त्राल थिएटरात लोकांसमोर आलं, तिथे स्पिनेत्ताने एक जाहीरनामाही वाटला. 'उद्या बरा' हे वाक्य त्या महिन्यातलं आहे. पुढचा उद्या कसा निघाला ते आपल्याला माहीत आहे, त्याला नव्हतं. तांगितोला लावलेला नियम इथेही.

याच अल्बममधलं 'पोर' हे गाणं पात्रिसिया सालासारसोबत लिहिलेलं. त्यात वाक्यच नाही. झाड, पान, उडी, उजेड, असे सुटे शब्द एकामागोमाग ठेवलेले. बोलतो कोण, कुणाशी, शेवटी काय, पाचांपैकी साल सोडून एकही रकाना भरेना. प्रत्येक शब्दाला अर्थ लावून एक तक्ता केला होता. तो वाचून मलाच हसू आलं. फेकला. पानावर फक्त 'अर्थ लावू नका, आवाज ऐका' एवढं ठेवलं आहे. अर्थ लावायच्या सत्रात हे विचित्र दिसेल, पण दुसरं खरं काही लिहिता येत नव्हतं.

३० जून

'आर्तो'चं मूळ वेष्टन चौकोनी नव्हतं. वेडेवाकडे कोपरे, हिरवा आणि पिवळा रंग, दुकानाच्या फळीवर नीट उभं न राहणारं. हिरवा पुनरुत्थानाचा, पिवळा कुजण्याचा, अशा अर्थाचं आर्तोचं वाक्यही वेष्टनावर छापलेलं. लोकांना हे हातात द्यायचं म्हणून कार्डशीट आणली. पहिला नमुना पातळ कागदाचा होता, कोपरे लगेच दुमडले. मग मिठाईवाल्याकडून खोक्याचा जाड पुठ्ठा मागून आणला आणि त्यावर घोटीव कागद चिकटवला. रंग दोन, कात्री मोडली एक. १८० रुपये. त्यात घालायला तबकडी नाही, तरी वस्तू म्हणून जमली आहे.

६ जुलै

सेरु गिरान, चार्ली गार्सियाचाच पुढचा गट. दोन गाणी, दोन अडचणी.

'व्हिएर्नेस त्रेस आ एमे', शुक्रवार पहाटे तीन. १९७९ च्या 'ला ग्रासा दे लास कापितालेस'मधलं. एक माणूस काळ, प्रेम, संगीत, विचार, देव, सरहद्दी, सगळं बदलून पाहतो, आणि शेवटी पहाटे तीनला स्वतःवर गोळी झाडतो. वाळलेली पानं गळतात, ज्यांना सोसवत नाही ते निघून जातात. रेडिओवर वाजवू नयेत अशा गाण्यांची सरकारी यादी २००९ मध्ये लोकांपुढे आली, दोनशेच्या वर गाणी. हे त्यात होतं. १९७९ मध्ये 'निघून जाणारे' म्हटलं की देश सोडून गेलेलेही डोळ्यासमोर येत असणार. हे माझं वाचन आहे, म्हणून पानात 'असंही ऐकता येईल' असं लिहिलं.

गाणं आत्महत्येचं आहे, तेव्हा वाजवण्याआधी तसं स्पष्ट सांगायचं ठरवलं. मंडळात कुणाच्या घरात काय घडून गेलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. आणि हे गाणं शेवटी ठेवायचं नाही.

'कान्सियोन दे आलिसिया एन एल पाईस', १९८०. आश्चर्यनगरीतल्या अ‍ॅलिसचं गाणं, पण नावातून 'आश्चर्य' कापून टाकलंय. उरतं ते 'देशातल्या अ‍ॅलिसचं गाणं'. यातले प्राणी उलगडायला फार सोपे : वॉलरस म्हणजे मिशाळ ओंगानिया, कासव म्हणजे त्याने हटवलेले अध्यक्ष इलिया, ज्यांना मंद म्हणून हे टोपणनाव चिकटलं होतं, मांत्रिक म्हणजे पेरॉनचा मंत्री लोपेस रेगा. पान पटापट भरलं आणि कोड्याच्या उत्तरपत्रिकेसारखं दिसायला लागलं. कोण कोण ते कळलं की गाणं संपलं! प्राण्यांची ओळख दोन ओळींवर आणली. उरलेल्या पानात अ‍ॅलिसवर लिहिलं : जिला आनंद देणारा खेळ संपला आहे, आणि तिला अजून त्याच देशात राहायचं आहे.

११ जुलै

'लोस दिनोसाउरिओस', १९८३, चार्ली गार्सियाच्या 'क्लिक्स मोदेर्नोस'मधलं. न्यूयॉर्कमध्ये मुद्रित. निवडणूक ३० ऑक्टोबरला झाली, अल्बम नोव्हेंबरात आला, आल्फोन्सिन १० डिसेंबरला अध्यक्ष झाले. म्हणजे गाणं लोकांच्या हातात पडलं तेव्हा खुर्चीवर अजून लष्करच होतं.

या पानासाठी आधी एक वाक्य हवं होतं, ते हुकूमशहानेच पुरवलं. डिसेंबर १९७९ च्या पत्रकार परिषदेत विदेलाला बेपत्ता, म्हणजे लष्कराने उचलून नेऊन नाहीशा केलेल्या, लोकांविषयी विचारलं गेलं. त्याचं म्हणणं असं की बेपत्ता माणूस मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही, तो बेपत्ता आहे, त्याला अस्तित्वच नाही. १९८४ च्या चौकशी आयोगाने ८,९६१ बेपत्तांची नोंद केली. मानवी हक्क संघटना ३०,००० म्हणतात. मी महिनाभर 'असणं म्हणजे काय' याचे दाखले कवींकडे शोधत होते, आणि इथे सरकार तो शब्द सरकारी कामकाजात वापरत होतं.

गाणं शांत पियानोवर सुरू होतं. गल्लीतले मित्र नाहीसे होऊ शकतात, रेडिओवरचे गायक नाहीसे होऊ शकतात, वर्तमानपत्रातले, आणि ज्याच्यावर तुझं प्रेम आहे ते माणूसही. पण डायनासोर नाहीसे होणारच. पहिल्या सगळ्यांना 'होऊ शकतात' आणि शेवटच्यांना 'होणार'. पान एवढ्यावर थांबवलं असतं तर राजकीय गाणं म्हणून खपून गेलं असतं.

उत्तरार्ध मात्र वेगळा आहे. शनिवारची रात्र, बोलणाऱ्याचा जीव थाऱ्यावर नाही, एक मित्र तुरुंगात आहे. तो प्रेयसीला सांगतो की जग खाली ओढत असताना कशालाच बांधलेलं नसलेलं बरं, जड माणसांनी बोजे वाहावेत, मला हलकं राहायचं आहे. मावशी इथे 'अनासक्ती' म्हणणार हे नक्की, म्हणून आधीच लिहून ठेवलं : हा हलकेपणा मध्यरात्री दार वाजलं तर पळता यावं म्हणून आहे.

एक जागा अजून सुटत नाही. 'हवेत असलेले हवेत नाहीसे होऊ शकतात' अशी ओळ आहे. आधी रेडिओ आला आहे, तेव्हा हवेत असलेले म्हणजे प्रसारणावर असलेले. पण आज ऐकणाऱ्याला विमानातून समुद्रात फेकलेले कैदी आठवतात. नौदलाच्या आदोल्फो सिलिंगो या माजी अधिकाऱ्याने ती उघड कबुली दिली १९९५ मध्ये. मात्र पत्रकार रोदोल्फो वॉल्शने मार्च १९७७ च्या खुल्या पत्रात कैद्यांना समुद्रात टाकल्याचं लिहिलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी तो मारला गेला. तेव्हा १९८३ मध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. दोन्ही वाचनं त्यांच्या तारखांसकट ठेवली. पान दीड पानाचं झालं, होऊ दे.

१५ जुलै

रेदोन्दितोस दे रिकोता हा गट वगळला. त्यांचा गायक इंदियो सोलारी याचे शब्द मुद्दाम बंद कुलपात ठेवलेले, आणि ती गाणी मैदानात हजारोंनी एकत्र उड्या मारत ऐकायची. बारा माणसं सतरंजीवर बसून ती ऐकणार? नको.

१८ जुलै

'ते पारा त्रेस', तिघांसाठी चहा. सोदा स्तेरेओ, 'कान्सियोन आनिमाल', १९९०.

साल, सत्तेवर कोण, सवयीने भरलं : १९८९ मध्ये चलनवाढीने कहर केला, आल्फोन्सिननी मुदतीआधी पद सोडलं, मेनेम आले. यातलं काहीही गाण्याच्या जवळपास फिरकत नाही. गटाचा गायक गुस्ताव्हो सेराती, त्याची आई आणि वडील टेबलाशी बसले आहेत, वडिलांना कर्करोग असल्याचं कळलं आहे. वडील १९९२ मध्ये गेले. गाण्यात आजाराचं नाव नाही, मरण हा शब्द नाही. चहा आहे, नजरा आहेत, मध आहे.

पानावरून पहिले दोन रकाने चक्क खोडून टाकले. बाकीच्या पानांची सवय इथे घातक ठरली असती. कुणीतरी 'हे मेनेमच्या काळातलं' असं वाचून दाखवलं असतं आणि सगळे माना डोलावत राहिले असते.

कुठली मुद्रिका? १९९६ ची 'कम्फर्ट ई मुसिका पारा व्होलार'मधली घेतली. तिच्या शेवटी सेराती 'आर्तो'मधल्या 'सेमेंतेरिओ क्लब' या स्पिनेत्ताच्या गाण्याचे सूर वाजवतो. पुठ्ठ्याचं वेष्टन तोवर सगळ्यांच्या हातून फिरून आलेलं असेल, तेव्हा हे सांगायला जागा आहे.

२० जुलै

खर्च : पानांची छपाई आणि पिन मारणं ६४० रुपये, स्पीकरचं भाडं ५००, पुठ्ठा-रंग १८०, चहा-पोहे वर्गणीतून. गाणी सगळी वर्गणीच्या अ‍ॅपवर मिळाली. क्रम लावताना अ‍ॅप मधेच दुसऱ्याच मुद्रिका घुसवतं, म्हणून यादी हाताने तपासून उतरवून ठेवली.

२१ जुलै

सत्र झालं. 'ला बाल्सा' आणि 'दे नादा सिर्वे' लागोपाठ, न बोलता, हे जमलं. 'पोर'ला लोक अस्वस्थ झाले. एका काकांनी "मग आम्ही करायचं काय?" असं विचारलं आणि उत्तराआधीच गाणं पुन्हा लावायला सांगितलं. 'व्हिएर्नेस'च्या आधी सूचना दिली तेव्हा एकजण बाहेर जाऊन उभे राहिले, गाणं संपल्यावर आले. 'आलिसिया'ला प्राणी ओळखण्यातच वेळ गेला, दोन ओळींवर आणूनही. 'लोस दिनोसाउरिओस'वर सगळ्यात जास्त बोलणं झालं, आणि ते मुख्यतः हवेच्या ओळीवर. 'ते पारा त्रेस'नंतर चर्चा ठेवली होती, ती कुणी सुरू केली नाही. पोहे आणले.

वेळ ठरल्यापेक्षा पाऊण तास जास्त गेला.

२५ जुलै

पुढच्या वेळेसाठी बदल. सुरुवात 'एल ओसो'ने, कारण ते पान न वाचताही कळतं आणि लोकांचा कान बसतो. 'आलिसिया' काढायचं किंवा प्राण्यांबद्दल मुळीच सांगायचं नाही. 'लोस दिनोसाउरिओस'ला अर्धा तास धरायचा. 'आयेर नोमास'च्या दोन्ही संहिता एकामागे एक ऐकवायच्या, यंदा एकच लावली. रकाने पाच ठेवायचे, पण भरलेले वाचून दाखवायचे की नाही हे गाण्यागणिक ठरवायचं.

'प्रेसेंते'चं पान मावशी घरी घेऊन गेल्या आहेत. त्या ते आपल्या मताने नव्याने लिहिणार आहेत. दोन्ही पानं छापायची असं ठरलं आहे.